हेम्पचे दाणे घरी शिजवताना: केनेट नदीसाठीच्या नोंदी

१८ मे २०२४, शनिवार

नदी सध्या बंद आहे. इंग्लंडमध्ये १५ मार्च ते १५ जून नद्यांवर गळ टाकायला मनाई असते, माशांच्या विणीचे दिवस म्हणून. १६ जूनला हंगाम उघडेल. तोवर चार आठवडे हाताशी आहेत, आणि त्यात एकच काम नीट जमवायचं ठरवलंय: माशांना जागेवर आणायला पाण्यात टाकतात ते हेम्पचे दाणे घरी शिजवणं.

आजवर डब्यातले तयार दाणे वापरत आलो. केनेटवर बार्बेल नावाच्या माशासाठी बसायचं तर एका बैठकीला दोन-तीन डबे सहज संपतात, आणि दोन डब्यांतला दाणा कधी सारखा निघत नाही. एकात अर्धा लगदा, दुसऱ्यात टणक. शेजारचे आजोबा पन्नासेक वर्षं या नदीवर बसतायत, ते डब्याला हातसुद्धा लावत नाहीत. त्यांच्या शेडमध्ये एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं आहे, आतून काळंकुळकुळीत. त्यात हेम्पशिवाय दुसरं काही कधी शिजलेलं नाही.

हेम्प म्हणजे भांगेचंच झाड. दाणा मोहरीपेक्षा मोठा, ज्वारीपेक्षा जरा लहान, करड्या-हिरव्या रंगाचा, आणि जवळून पाहिलं तर कवचावर बारीक जाळीची नक्षी. पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात पोत्यानं मिळतो. नशा या दाण्यात नसते. इथे तो विकायला-घ्यायला मोकळीक आहे, पेरायला मात्र सरकारी परवाना लागतो. त्यामुळे कच्चे दाणे बागेत सांडले तर लगेच झाडून घ्यायचे, कारण ते उगवतात.

आई गेल्या महिन्यात महाडहून आलीय. पोत्यात काय आहे ते सांगितलं तर म्हणाली, "भांग? अरे, लहान मूल आहे घरात!" कुमाऊंकडे याच दाण्यांची चटणी वाटतात हे ऐकून थोडी निवळली. पण तिच्या भांड्यांना हात लावायचा नाही ही अट कायम. अट रास्त आहे, हे पक्ष्यांसाठीचं बी, माणसांसाठी निवडलेलं-धुतलेलं नाही. वेगळं स्टीलचं पातेलं आणि झारा घेऊन आलो.

रात्री दहाला अर्धा किलो भिजत घातलं.

१९ मे, रविवार

सकाळी आठला गॅसवर ठेवलं. मोठ्या आचेवर पंधरा मिनिटं उकळलं. घाई केली.

दाणा काळपट झाला, पण फुटला नाही. मूठभर पांढऱ्या बशीत पसरून मोजलं. दर दहा दाण्यांत तीन-चारच फुटलेले. उरलेले नखानं दाबले तर कचकन आवाज येतो. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चमचाभर सोडले. निम्मे तळाशी गेले, काही मध्येच लोंबकळत राहिले, बरेचसे वर तरंगत राहिले.

नदीवर हे तरंगणारे दाणे घातक. प्रवाह त्यांना खाली घेऊन जातो, त्यांच्यामागे मासे जातात, आणि वरून बदकं, हंस जमतात. दाणा टाकलेल्या जागीच तळाला बसला पाहिजे. शिवाय न शिजलेला टणक दाणा माशाच्या पोटात जाऊन फुगणं बरं नव्हे. आपण त्याला खायला घालतोय, तर ते त्याला पचलं पाहिजे. ही माझ्या दृष्टीनं पहिली अट आहे, मासा लागणं न लागणं त्यानंतर.

सगळं पुन्हा पाण्यात टाकून अर्धा तास मंद आचेवर ठेवलं. थोडी सुधारणा. पण एकदा अर्धवट उकळून थंड केलेला दाणा नंतर एकसारखा होत नाही, जसं हरभऱ्याच्या दाठर दाण्यांचं होतं तसं.

२५ मे, शनिवार

आजची नोंद नीट लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाच्या घरात हे होऊ नये.

इथले पुष्कळ जण हेम्प प्रेशर कुकरमध्ये शिजवतात. मला वाटलं, कुकर आपल्याइतका कुणाला माहीत असणार! जुना पाच लिटरचा कुकर माळ्यावर पडून होता. रात्रभर भिजलेले दाणे त्यात घातले, निम्म्याच्या वर. पाणी वर दोन बोटं. तीन शिट्ट्या करायच्या ठरवल्या. पहिली शिट्टी आली, बारीक, घोगरी. दुसरी आलीच नाही. मी दहा मिनिटं वाट पाहत राहिलो. शिट्टी येत नाही म्हणजे आच कमी पडतेय असं समजून आच वाढवली. हीच चूक. दाण्यांची सुटलेली टरफलं फेसाबरोबर वर चढून वाफेच्या नळीत अडकली होती. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, आणि काळं तेलकट पाणी सरळ छतापर्यंत.

स्वयंपाकघरात त्या क्षणी कुणी नव्हतं. लेक दारातच होती. हात थरथरत होते माझे.

कुकरचा दोष नाही. असले फेस धरणारे, टरफल सुटणारे दाणे एक तृतीयांशाच्या वर भरायचे नसतात, आणि शिट्टी यायची थांबली की आच आधी बंद करायची. वरणाच्या डाळीलासुद्धा आई हाच नियम पाळते, मी हेम्पच्या वेळी विसरलो. कुकर आता या कामाला काढणार नाही. ज्यांना काढायचा असेल त्यांनी नळी आधी फुंकून, तिच्यातून उजेड दिसतो का ते पाहावं.

छत दोनदा पुसलं. वास अजून आहे. मातकट, थोडासा भाजलेल्या जवसासारखा.

२७ मे, सोमवार (बँक हॉलिडे)

कालपासून आईनं काम हातात घेतलं. परवाच्या प्रकारानंतर तिला मला एकट्याला गॅसपाशी सोडायचं नव्हतं.

तिनं पहिल्यांदा विचारलं, "निवडलेस का?" मी नाही म्हणालो. मग सूप नाही म्हणून मोठं ताट घेतलं आणि मागच्या अंगणात उभी राहून अर्धा किलो दाणे पाखडले. काय काय निघालं: काड्या, भुसा, दोन खडे, आणि पोकळ दाणे ओंजळभर. हे पोकळ दाणेच वर तरंगणारे. मी आठवडाभर ते शिजवायची खटपट करत होतो. तीन पाण्यांनी धुतल्यावर आणखी थोडे वर आले, ते निथळून फेकले.

हे काल दुपारी. मग पूर्ण चोवीस तास भिजवलं. पाणी दाण्यांच्या दुपटीहून जास्त, कारण रात्रीत दाणा फुगून वर येतो. आज दुपारी पाहिलं तर वर बारीक बुडबुडे होते आणि पाण्याला किंचित आंबूस वास. आई म्हणाली, मोड यायच्या बेतात आहेत. मटकी भिजवून फडक्यात बांधायच्या आधी असते तशी अवस्था.

भिजवलेलं पाणी ओतलं नाही. त्याच पाण्यात शिजवलं. चमचाभर खायचा सोडा घातला. सोड्यानं दोन गोष्टी होतात: कवच नरम पडतं आणि दाणा काळाभोर होतो. काळ्या दाण्यातून फुटलेला पांढरा कोंब उठून दिसतो. उकळी फुटल्यावर लगेच आच इतकी कमी केली की पाण्यावर मध्ये एखादाच बुडबुडा यावा.

यापुढची वीस मिनिटं मी पातेल्याशेजारून हललो नाही. जे पाहिलं ते लिहितो. पहिली दहा मिनिटं काही नाही, नुसता फेस, करडा, तो झाऱ्यानं काढत राहायचं. बाराव्या-तेराव्या मिनिटाला दाण्याच्या शिवणीवर एक फिकट रेघ दिसायला लागली. कवचाला दोन शिंपल्या असतात, त्या एका टोकाशी विलग व्हायला लागतात. मग त्या फटीतून पांढरं टोक बाहेर येतं, वाकडं, बाळाच्या नखाएवढंही नाही. एकदा सुरुवात झाली की सगळं पातेलं बघता बघता ठिपक्याठिपक्यांचं होतं. अठराव्या मिनिटाला दर दहांत आठ दाणे फुटलेले होते. लेकीला उचलून दाखवलं. ती म्हणाली, "सगळ्यांनी जीभ बाहेर काढलीय."

आईनं एक दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबला. "बोटचेपा झाला. बंद कर." पण उतरवलं नाही. झाकण ठेवून तसंच निवू दिलं. राहिलेले दाणे त्या उष्णतेत आपोआप फुटतात, आणि आचेवर आणखी ठेवलं असतं तर जे आधी फुटले त्यांचा गर बाहेर पडून नुसती टरफलं उरली असती. हा मुद्दा मला कुणी इतक्या नेमकेपणानं सांगितला नव्हता. भात उतरवताना जी दमावर ठेवायची सवय, तीच.

थंड झाल्यावर मी दाणे चाळणीत वेळून पाणी सिंकमध्ये ओतायला निघालो, तर आईनं हात धरला. "अरे, तो कट आहे! कट कुणी टाकून देतं का?"

पुरणाची डाळ शिजवल्यावर वर राहतं ते पाणी, ज्याची कटाची आमटी होते, तोच शब्द तिनं इथे लावला, आणि तो तंतोतंत बसतो. शेजारच्या आजोबांना संध्याकाळी हे सांगितलं. ते म्हणाले, दाण्यांपेक्षा त्यांना ते पाणीच जास्त मोलाचं वाटतं. दाण्यातलं तेल त्यात उतरलेलं असतं. माशांना टाकायचा चुरा आणि ब्रेडचा भुगा त्यात मळला की तळाशी वासाचा पट्टा धरतो, आणि पाण्यावर तेलाचा गुळगुळीत तवंग येतो. यापुढे या नोंदींत कट म्हटलं की हेच पाणी समजावं.

माप: एक मग कोरे दाणे, शिजून पावणेदोन मग.

१ जून, शनिवार

थर्मास करून पाहिला. रुंद तोंडाचा, एक लिटरचा. भिजवलेले दाणे एक तृतीयांशापर्यंत, वर उकळतं पाणी, झाकण, रात्रभर. सकाळी छान फुटलेले, कट घट्ट आणि काळा. घरात वास नाही. थोड्या दाण्यांसाठी, एका संध्याकाळच्या बैठकीपुरतं, हे उत्तम. निम्म्याहून जास्त भरू नये, दाणा फुगून थर्मासच तडकेल.

नदीसाठी लागणाऱ्या मापाला पातेलंच बरं.

४ जून, मंगळवार

२७ मेचे उरलेले दाणे डब्यात, कटासकट, शेडमध्ये विसरलो होतो. झाकण उघडलं तर डोळ्यांत पाणी आलं. दोनेक दिवसांचा हलका आंबूसपणा चालतो, काही जण मुद्दाम तसा आणतात. पण हे बुरसलेलं होतं. फेकलं.

आता नियम: शिजलं की निवलं, निवलं की एका बैठकीच्या मापाच्या पिशव्या, कटासकट, फ्रीजरमध्ये. कटात बुडालेला दाणा गोठून सुटला तरी सुकत नाही. कोरडा गोठवलेला दाणा सुरकुततो आणि पुन्हा तरंगायला लागतो. फ्रीजरचा खालचा कप्पा आईनं दिला, वर मोठ्या अक्षरात "मासे" असं लिहून.

८ जून, शनिवार

नदी बंद असली तरी बहुतेक तळ्यांना ही बंदी नाही. दाण्यांची परीक्षा घ्यायला शहराबाहेरच्या एका तळ्यावर गेलो. जाण्याआधी तिथले नियम विचारून घेतले, कारण बऱ्याच तळ्यांवर घरी शिजवलेले दाणे आणायला बंदी असते. कच्चं कडधान्य टाकून मासे आजारी पाडणारे लोक असतात, त्यामुळे मालक सगळ्यांनाच मना करतात. इथे हेम्प चालतो, पण अर्ध्या लिटरपर्यंतच.

रोचसाठी बसलो. रोच म्हणजे लाल परांचा, चंदेरी, हातभर कधीच न होणारा मासा. आपल्या रोहूचा लांबचा नातलग. हेम्पवर रोच धरणं हा इथला जुना प्रकार आहे. पहिल्या महायुद्धाच्या वेळी बेल्जियमहून आलेल्या लोकांनी तो टेम्सवर आणला असं आजोबा सांगतात. आणि तो इतका चालला की माशांना भांग चढते, ते धुंद होतात, अशी समजूत पसरून काही क्लबांनी त्यावर बंदीच घातली होती. मासा धुंद होत नाही. दाणा लहान, तेलकट, पोट न भरणारा, एक खाल्ला की दुसरा हवासा वाटणारा. शेंगदाणे-फुटाण्यांच्या पुडीसारखं आहे ते.

पहिला पाऊण तास काहीच नाही. दर मिनिटाला दहा-पंधरा दाणे, एकाच जागी, एवढंच करत राहिलो. हे अवघड जातं. हात सारखा जास्त टाकू पाहतो. मग तरंगा एकदम आत. ओढला, काही नाही. गळावर नुसतं रिकामं टरफल. पुन्हा तेच. सहा वेळा.

दाणा गळाला लावायची रीत बदलली. १६ नंबरचा बारीक गळ, त्याच्या वाकाचा पाठचा भाग दाण्याच्या फुटलेल्या फटीत दाबायचा, टोक पूर्ण मोकळं. दाणा बरोबर फुटलेला असला तरच तो बसतो. न फुटलेल्याला गळ शिरत नाही, जास्त फुटलेला गळून पडतो. २७ मेच्या अठराव्या मिनिटाचं महत्त्व इथे कळलं.

तरी तरंगा मध्येच उगाच नाचत होता. तंगूस वर घेऊन पाहिलं तर छर्र्यांवर बारीक ओरखडे. तंगुसावर दाबलेले काळे छर्रे दिसायला थेट हेम्पच्या दाण्यासारखे, आणि रोच तेच चावत होते! (छर्रे आता सहसा शिशाचे नसतात. शिशाची छोटी वजनं गिळून हंस मरायला लागले म्हणून १९८७ पासून इथे ती विकायला बंदी आली.) सगळे छर्रे काढून तरंग्याखाली एकच लांबट वजन लावलं. त्यानंतरच्या तासात अकरा रोच.

घरी येईपर्यंत बोटांना वास होता. लेकीनं नाक धरलं. मला तो आवडायला लागलाय.

१३ जून, गुरुवार

हंगामाची तयारी. परवान्याची तारीख तपासली. नदीवर कुठेही बसायचं तर तेरा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाकडे रॉड लायसन्स हवं, आणि त्या किनाऱ्याची परवानगी वेगळी. जाळं आणि चटई धुऊन उन्हात वाळवली, तळ्यातलं काही नदीत जाऊ नये म्हणून.

दोन किलो कोरे दाणे आज भिजत घातले. एका वेळी एवढं पहिल्यांदाच.

१४ जून, शुक्रवार

दोन पातेल्यांत शिजवलं. दुसऱ्या पातेल्यात लाल मिरचीचा जाडसर चुरा घातला, इथे तशी पद्धत आहे. आईला हे एकदम पटलं. फरक पडतो का ते कळायला एक हंगाम तरी लागेल.

गळाला काय लावायचं हा प्रश्न होता. बार्बेलच्या गळाला हेम्पचा दाणा फार लहान. हेम्प तळाशी पसरायचा आणि त्यावर एकच मोठं आमिष ठेवायचं, असं चालतं. इथे मेपल पी नावाचा तपकिरी, ठिपकेदार वाटाणा आमिष म्हणून विकतात. आईनं तो हातात घेतला आणि म्हणाली, "हा काळा वाटाणाच की." कोकणात ज्याचं सांबारं होतं तो. तिनं येताना किलोभर आणलेला होता. त्यातला मूठभर मागून घेतला, अठरा तास भिजवला, पाऊण तास शिजवला. कातडी अखंड, आत मऊ. गळाच्या मागे केसासारखी दोरी सोडून तिच्यात दोन वाटाणे ओवले, म्हणजे गळ मोकळा राहतो.

आई ते बघत होती. "सांबाऱ्याला एवढं निगुतीनं कधी केलं नाहीस," म्हणाली.

१६ जून, रविवार

पहाटे सव्वाचारला केनेटवर. ही नदी विल्टशायरमध्ये मार्लबरोच्या वरच्या अंगाला उगम पावते, खडूच्या डोंगरातून झिरपलेल्या पाण्याची, आणि रेडिंगला टेम्सला मिळते. यंदाचा हिवाळा फार पावसाचा गेला, त्यामुळे पाणी अजून चांगलं चढं आहे, पण नितळ. लांब केसांसारखं पाणगवत प्रवाहात आडवं झालेलं, त्यावर पांढरी फुलं. दोन गवतांच्या मधली खड्यांची स्वच्छ पट्टी शोधली. बार्बेल तिथेच नाक खाली घालून चरतो.

दाणे तिथे पोचवायला बेट ड्रॉपर वापरतात. धातूची जाळीदार डबी, तळाला टेकली की तिचं दार उघडतं आणि दाणे तिथल्या तिथे सांडतात. वरून मूठ भिरकावली तर प्रवाह दाणे दूर नेईल. एकाच ठिकाणी बारा डब्या सोडल्या, प्रत्येक वेळी समोरच्या विलोच्या झाडाच्या त्याच फांदीचा नेम धरून. मग गळ न टाकता एक तास नुसता बसलो.

हा तास महत्त्वाचा आहे, आणि सगळ्यांत जास्त लोक तोच चुकवतात. मासे येतात, घाबरतात, जातात, पुन्हा येतात. खड्यांच्या फटींत अडकलेले दाणे शोधत ते खडे उलटे करतात. त्या वेळी वरून काहीच पडत नाही, तंगूस नाही, वजन नाही. त्यांना ती जागा भरवशाची वाटू लागते.

मला पाण्यावर आधी तवंग दिसला. खालच्या अंगाला हातभर रुंद, गुळगुळीत पट्टी, आजूबाजूला लहरी आणि मध्ये काच. कटाचं तेल वर आलं होतं, म्हणजे खाली कुणीतरी दाणे ढवळत होतं.

सहाला गळ टाकला. साडेसहाला काठी वाकली, पण बार्बेल नव्हे, चब. जाड ओठांचा, अडीच पौंडांचा, काळ्या वाटाण्यावर. नंतर दोन तास बारीक टोकटोक. वर घेतलं तर वाटाणे कुरतडलेले. क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले छोटे शेवंडे. उत्तर अमेरिकेतून आणलेले, नांग्यांचे, आता या नदीचा तळ त्यांनीच व्यापलाय. हेम्पचे दाणेसुद्धा तेच वेचतात.

नऊला उठलो. राहिलेले दाणे सगळे ओतून आलो नाही, परत आणले. पुढच्या माणसाच्या जागी ढीग करून ठेवायचा नसतो.

२३ जून, रविवार

दाणे जास्त टाकले. तीस डब्या. काहीच नाही.

६ जुलै, शनिवार

संध्याकाळी सातला गेलो. या वेळी आई बरोबर होती. घडीची खुर्ची, शाल, आणि डब्यात धपाटे. फक्त दहा डब्या सोडल्या, मिरचीविना, त्यानंतर तास-दीड तास गप्पा. तिनं वाळणकोंडीची आठवण काढली. महाडपासून जवळच काळ नदीचा तो डोह, देवीचे मासे, ज्यांना कुणी मारत नाही. मी लहान असताना ती मला तिथे घेऊन जायची, आणि मी चुरमुरे टाकायचो. काळ्या पाठी वर यायच्या, एकमेकींवर चढायच्या. चुरमुरे संपले की मी रडायचो म्हणे. मला ते आठवत नाही, पाठी आठवतात.

नऊला गळ टाकला, सूर्य अजून मावळायचा होता. वीसेक मिनिटांनी काठीचं टोक दोनदा थरथरलं आणि मग काठी अख्खी टेकूवरून निघाली. बार्बेल लागला की शंका राहत नाही. तो तळ सोडत नाही, नाक खड्यांत रोवून वरच्या अंगाला जात राहतो. आई उभी राहिली होती, एक अक्षर बोलली नाही. दहा मिनिटांनी जाळ्यात आला. सहा पौंडांच्या आसपास. जाळं पाण्यातच ठेवलं, हात ओले केले, चटई ओली केली, मग वर घेतला. गळ खालच्या ओठाच्या कोपऱ्यात. अंग तांबूस-सोनेरी, पंख गुलाबी, तोंड खालच्या बाजूला, आणि त्याला चार मिशा.

आई वाकून बघत होती. "अरे, हा तर आपल्या कोंडीतला."

तिचं म्हणणं अगदीच वावगं नाही. कोंडीतले मासे महसीर, आणि दोन्ही एकाच कुळातले. कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीरचं वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केलं तेव्हा त्याला याच बार्बेलचं गणनाव, बार्बस, दिलं होतं. नंतर ते बदलून टॉर झालं. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मिशा बघूनच कळतंय."

मग तिनं विचारलं, "आता?" सोडायचा, म्हटलं. झुंजून दमलेला बार्बेल तसाच सोडला तर उलटा होऊन वाहून जातो. त्याला पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून, पोटाखाली हात देऊन धरावं लागतं, कल्ले नीट हलेपर्यंत. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी, तेव्हा अधिकच वेळ. मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. पाच मिनिटं, सात मिनिटं. तळहाताला त्याचा श्वास कळत होता. मग शेपटीचा एकच फटका, बाही भिजली, आणि तो गवताखाली गेला.

आईनं पिशवीतून हेम्पचा डबा घेतला. मी सांगायच्या आत मूठभर दाणे काढून, थोडे वरच्या अंगाला, बरोबर गवताच्या कडेला टाकले. दाणे खाली जाताना दिसले, काळे, पांढऱ्या कोंबांचे, एकही तरंगला नाही.

९ जुलै, मंगळवार

पोतं संपत आलं. नवीन किलोभर निवडून, धुऊन भिजत घातलं. पाखडायला आईच बसली.